मोटारसायकलचा इंडिकेटर: स्विच ओळखण्यापासून तो वेळेवर बंद करण्यापर्यंत

मोटारसायकल शिकवताना क्लच, गिअर आणि ब्रेक यांवर बराच वेळ दिला जातो, आणि इंडिकेटरचा उल्लेख मात्र एखाद्या वाक्यात उरकला जातो. डाव्या मुठीजवळचे ते छोटे बटण डावीकडे सरकवले की डावे दिवे लागतात, उजवीकडे सरकवले की उजवे, आणि आत दाबले की बंद होतात, एवढे कळले की शिकणे संपले असे समजले जाते. प्रत्यक्षात अडचण दिवे लावण्यात फारशी नसते. अंगठ्याला ते बटण नजर खाली न वळवता सापडणे, क्लच दाबलेला असतानाही त्याच्यावर ताबा राहणे, आणि वळण झाल्यावर दिवे खरोखर बंद झाले आहेत याची खात्री पटणे, या तीन गोष्टींवर इंडिकेटर वापरायला सोपा की अवघड हे ठरते. त्यातही तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण इंडिकेटर न देणारा चालक इतरांना केवळ अंधारात ठेवतो, पण वळणानंतर इंडिकेटर चालूच ठेवणारा चालक त्यांना चुकीची माहिती देतो. बाजूच्या रस्त्यावर थांबलेल्या गाडीच्या चालकाला लुकलुकणारा दिवा दिसतो, मोटारसायकल आपल्याच रस्त्यावर वळणार असे तो गृहीत धरतो आणि तिच्यासमोर गाडी काढतो.

पुढील पायऱ्या साधारणपणे ज्या क्रमाने अमलात आणाव्यात त्याच क्रमाने दिल्या आहेत. आधी स्विचचा प्रकार ओळखावा, मग तो हाताला जुळवून घ्यावा, मग उभ्या गाडीवर सराव करावा, आणि त्यानंतरच रस्त्यावरील क्रमाकडे वळावे.

तो आपोआप का बंद होत नाही

चारचाकी गाडीत वळण संपून स्टिअरिंग सरळ होऊ लागले की त्याच्या दांड्याला जोडलेला एक छोटा उंचवटा इंडिकेटरच्या दांडीला मागे ढकलतो आणि दिवे बंद होतात. ही सोय मोटारसायकलला तशीच लावता येत नाही, कारण मोटारसायकलचे हँडल ठळकपणे फिरते ते फक्त चालण्याच्या वेगाने जाताना. त्याहून थोडा वेग वाढला की गाडी कलून वळते, हँडल जेमतेम काही अंश फिरते, आणि वळणाच्या पहिल्या क्षणी तर ते वळणाच्या विरुद्ध दिशेला किंचित ढकलले जाते. हँडलच्या हालचालीवरून वळण सुरू झाले की संपले, हे एखाद्या साध्या यांत्रिक खटक्याला ओळखता येण्यासारखे नाही. त्यामुळे दिवे बंद करण्याचे काम एकतर चालकाच्या अंगठ्याकडे राहते, किंवा एखाद्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेला अंदाज बांधावा लागतो.

असा अंदाज बांधणारी यंत्रणा यामाहाने सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात आपल्या काही मोटारसायकलींवर बसवली होती, आणि तिची रचना आजही अभ्यासण्याजोगी आहे. तिच्यात सुमारे 10 सेकंद आणि सुमारे 150 मीटर अशा दोन मर्यादा होत्या, आणि दोन्ही ओलांडल्यावरच दिवे बंद होत. 10 सेकंदांत 150 मीटर म्हणजे ताशी 54 किलोमीटर. याहून कमी वेगात अंतराची मर्यादा उशिरा पूर्ण होते, त्यामुळे चौकात थांबून राहिलेल्या चालकाचा इंडिकेटर मध्येच बंद पडत नाही. याहून जास्त वेगात वेळेची मर्यादा उशिरा पूर्ण होते, त्यामुळे मोठ्या रस्त्यावर लेन बदलताना दिवे घाईने विझत नाहीत. पुढे हार्ली-डेव्हिडसनने स्वयंचलित बंद होण्याची सोय आपल्या गाड्यांवर रुजवली, आणि अलीकडे गाडीचा कल मोजणारे सेन्सर आल्यापासून काही मोटारसायकलींत गाडी कलून पुन्हा सरळ झाल्याची नोंद घेऊन दिवे बंद केले जातात.

ही सोय चांगलीच आहे, परंतु तिच्यावर विसंबून राहू नये असे माझे स्पष्ट मत आहे. वर्तुळाकार चौकात गाडी एका बाजूला कलते, मग दुसऱ्या बाजूला, आणि यंत्रणेला त्यातले खरे वळण कोणते हे निश्चित कळत नाही. लांबलचक वाकणाच्या रस्त्यावर लेन बदलताना गाडी आधीपासूनच कललेली असते. त्याशिवाय दोन फाटे एकमेकांपासून शंभर मीटरवर असतील, तर पहिल्या फाट्यावर वळल्यानंतर 150 मीटर होण्याआधीच दुसरा येतो आणि इंडिकेटर तोवर चालूच असतो. आपल्या गाडीवर स्वयंचलित सोय असली तरी हाताने बंद करण्याची सवय लावावी, आणि यंत्रणेकडे विसरलेल्या वेळी सावरणारी दुसरी फळी म्हणूनच पाहावे.

पहिली पायरी: आपला स्विच कोणत्या जातीचा आहे ते ओळखावे

आज सर्वाधिक आढळणारा प्रकार जपानी मोटारसायकलींनी रूढ केला. डाव्या मुठीजवळ एकच सरकता स्विच असतो, तो बाजूला ढकलला की दिवा लागतो आणि स्विच लगेच मधल्या जागी परत येतो. बंद करण्यासाठी तो मध्यावर आत दाबायचा असतो. या रचनेचा मोठा गुण असा की दिवे आधीच बंद असताना तो दाबला तरी काहीही बिघडत नाही, म्हणून शंका आली की दाबून मोकळे होता येते. याच्याआधीच्या जुन्या गाड्यांवर आत दाबण्याची सोय नव्हती. स्विच ज्या बाजूला सरकवला तिथेच राही आणि तो हाताने मध्यावर आणावा लागे. घाईत आणताना तो मधली खाच ओलांडून दुसऱ्या बाजूला जाई, आणि डावे दिवे बंद करायला जावे तर उजवे लागत. अशी गाडी आजही कोणी चालवत असेल, तर त्याने अंगठ्याने स्विच ढकलण्याऐवजी अंगठ्याचे पेर स्विचवर टेकवून त्याला सावकाश मध्यावर आणावे आणि खाचेत बसल्याचा ठोका बोटाला जाणवल्यावरच सोडावे.

बीएमडब्ल्यूने 1983 साली के 100 या गाडीपासून वेगळी पद्धत स्वीकारली आणि जवळपास पाव शतक ती टिकवली. डाव्या दिव्यांचे बटण डाव्या मुठीजवळ, उजव्या दिव्यांचे उजव्या मुठीजवळ, आणि दोन्ही बंद करण्यासाठी उजव्या बाजूलाच स्वतंत्र तिसरे बटण. दुसऱ्या गाडीवरून या गाडीवर येणारा चालक सुरुवातीला गोंधळतो, तरीही बंद करण्यासाठी वेगळे बटण ठेवण्याचा विचार मला पटतो, कारण त्या बटणाचा अर्थ कधीच बदलत नाही. पुढे के 1300 मालिकेपासून बीएमडब्ल्यूनेही डाव्या बाजूच्या एकाच स्विचची वाट धरली.

हार्ली-डेव्हिडसनच्या बहुतेक गाड्यांवर डावे बटण डावीकडे आणि उजवे उजवीकडे आहे, पण बंद करण्यासाठी तेच बटण पुन्हा दाबावे लागते. इथे एक सूक्ष्म अडचण आहे. यंत्रणेने दिवे आधीच बंद केलेले असतील आणि चालकाने खात्रीसाठी पुन्हा बटण दाबले, तर ते बंद होण्याऐवजी लागतात. म्हणून अशा गाडीवर बंद करण्यापूर्वी डॅशबोर्डवरील खुणेकडे एक नजर टाकणे अपरिहार्य ठरते. याच कंपनीच्या 2021 मध्ये आलेल्या पॅन अमेरिकेवर मात्र डाव्या बाजूचा एकच स्विच आहे, तेव्हा केवळ कंपनीच्या नावावरून प्रकार गृहीत धरू नये.

एकाच स्विचच्या गाड्यांतही शेजारची बटणे कशी मांडली आहेत ते पाहणे आवश्यक आहे. रूढ मांडणीत वर डिपर, मध्ये इंडिकेटर आणि खाली हॉर्न असतो. होंडाने 2010 च्या सुमारास व्हीएफआर 1200 एफ आणि त्यानंतरच्या अनेक गाड्यांवर हॉर्न वर घेतला आणि इंडिकेटर त्याच्या खाली नेला. अनेक वर्षे दुसऱ्या मांडणीची सवय असलेल्या चालकाचा अंगठा अशा गाडीवर इंडिकेटर शोधत हॉर्नवर पडतो आणि समोरचा पादचारी दचकतो. कोणती मांडणी चांगली, हा वाद घालता येईल, पण ज्याच्याकडे दोन वेगळ्या मांडणीच्या गाड्या आहेत त्याने त्या आलटून पालटून वापरताना पहिले काही किलोमीटर हळू चालवावे, एवढे निश्चित.

मांडणी काहीही असली तरी दिशेबाबत मात्र गोंधळाला वाव नसतो. चालकांनी वापरायच्या नियंत्रणांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक 60 नुसार, चालकाच्या जागेवरून पाहता नियंत्रणाचा डावा भाग किंवा त्याची डावीकडील हालचाल डाव्या दिव्यांसाठी, आणि उजवी बाजू उजव्या दिव्यांसाठी असावी लागते.

दुसरी पायरी: स्विच अंगठ्याला जुळवून घ्यावा

कारखान्यातून आलेली जागा सरासरी हातासाठी ठरवलेली असते, आणि आपला हात सरासरी असेलच असे नाही. ही पायरी बहुतेक चालक वगळतात, हे मला खटकते, कारण साध्या पेचकसाने आणि पान्याने अर्ध्या तासात होणाऱ्या या कामाचा फायदा पुढे प्रत्येक वळणावर मिळतो.

गाडी मधल्या स्टँडवर उभी करावी. मधला स्टँड नसेल, तर दुसऱ्या कोणाला गाडी सरळ धरून ठेवायला सांगावे. नेहमीचे हातमोजे घालून, नेहमी बसतो तसेच बसावे, दोन्ही मुठी धराव्यात आणि डोळे मिटावेत. आता डाव्या हाताची चार बोटे मुठीभोवती तशीच ठेवून फक्त अंगठा आडवा लांब करावा आणि तो कुठे पडतो ते पाहावे. तो सरळ इंडिकेटरवर पडला तर काहीच करायला नको. तो वर डिपरवर किंवा खाली हॉर्नवर पडत असेल, तर स्विचचे घर फिरवावे लागेल. तो पोहोचतच नसेल किंवा पोहोचण्यासाठी तळहात मुठीवरून सरकत असेल, तर अंतर जास्त आहे.

फिरवण्याआधी क्लचच्या लिव्हरची जागा निश्चित करावी, कारण तिच्यावर मनगटाचा कोन ठरतो आणि मनगटाच्या कोनावर अंगठ्याची पोहोच ठरते. लिव्हरची पकड सैल करून लिव्हर अशा उतारावर आणावी, की बोटे तिच्यावर ठेवली असता कोपरापासून बोटांपर्यंत हात एका रेषेत राहील आणि मनगट वर किंवा खाली मोडणार नाही. पकड पुन्हा आवळल्यावरच स्विचच्या घराकडे वळावे. हे घर सहसा दोन अर्ध्या भागांचे असते आणि खालून दोन स्क्रूंनी जोडलेले असते. स्क्रू पूर्ण न काढता सैल करावेत, आणि घर फिरते का ते हळूच पाहावे.

पुष्कळ गाड्यांवर ते फिरत नाही, कारण घराच्या आत एक छोटी खुंटी असते आणि ती हँडलच्या नळीतील छिद्रात बसलेली असते. ही खुंटी घासून टाकण्याचा सल्ला काही जण देतात. मी तो देणार नाही, कारण खुंटी गेल्यावर घर केवळ स्क्रूंच्या आवळण्यावर टिकते, आणि एखाद्या दिवशी अंगठ्याने जोरात ढकलताच स्विचसह संपूर्ण घरच फिरते. त्याऐवजी हँडलच्या मधल्या पकडीचे बोल्ट सैल करून संपूर्ण हँडल किंचित पुढे किंवा मागे फिरवता येते का ते आधी पाहावे. दोन-तीन अंशांनीही अंगठ्याच्या पातळीत फरक पडतो. तसे केल्यास लिव्हरचा कोन पुन्हा जुळवावा, आणि बोल्ट गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेल्या क्रमाने आणि जोराने आवळावेत. एवढ्यानेही भागले नाही, तर नळीत नवे छिद्र पाडण्याचे काम जाणकार मेकॅनिककडून करून घ्यावे. पकडीच्या जवळ, जिथे हँडलवर सर्वाधिक ताण येतो, तिथे छिद्र कधीही पाडू नये.

अंतराचा प्रश्न बहुधा गाडीपेक्षा तिला नंतर जोडलेल्या वस्तूंमुळे निर्माण होतो. जाड रबरी मुठी, गरम होणाऱ्या मुठी किंवा मुठीवर चढवलेली फोमची आवरणे यांनी मुठीचा घेर वाढतो आणि तितकाच अंगठा आखूड पडतो. हातमोज्यांचेही तसेच आहे. ज्या हातमोज्यात अंगठ्याच्या टोकावर जाड शिवण आहे, त्यातून स्विच बाजूला सरकवता येतो, पण आत दाबल्याचा बारीक ठोका जाणवत नाही. हातमोजे विकत घेताना ते घालून एखाद्या उभ्या गाडीचा इंडिकेटर लावून आणि बंद करून पाहावा, हा निकष मी आकाराइतकाच महत्त्वाचा मानतो.

सगळे आवळून झाल्यावर हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवून स्विचची वायर कुठे ताणली जात नाही ना, टाकीला किंवा पुढच्या चाकाच्या काट्याला घासत नाही ना, आणि क्लचची केबल मोकळी आहे ना, हे पाहिल्याशिवाय गाडी बाहेर काढू नये.

तिसरी पायरी: उभ्या गाडीवर अंगठ्याला शिकवावे

इंजिन बंद ठेवून चावी चालू करावी. काही मिनिटांच्या सरावाने निरोगी बॅटरीवर फारसा भार पडत नाही, तरी हेडलाइट आपोआप लागणारी गाडी असेल तर सराव आटोपशीर ठेवावा. नजर समोरच्या एखाद्या लांबच्या बिंदूवर ठेवून डावा, बंद, उजवा, बंद असा क्रम सुरू करावा. बंद करताना अंगठा सरळ आत जायला हवा. पुष्कळांचा अंगठा दाबताना थोडा बाजूला सरकतो, आणि तेवढ्यानेच बंद झालेला दिवा पुन्हा लागतो किंवा दुसऱ्या बाजूचा लागतो. हे टाळण्यासाठी अंगठा बाजूला ढकलल्यानंतर क्षणभर पूर्ण उचलावा आणि मग नव्याने मध्यावर ठेवून दाबावा.

हे जमल्यावर तोच क्रम क्लच दाबून करावा. इथे खरी परीक्षा असते. चार बोटांनी क्लच ओढणाऱ्या चालकाचा अंगठा मुठीला आधार देत असतो, आणि तोच अंगठा सोडवून इंडिकेटरकडे नेला की पकड ढिली पडते व क्लच नकळत थोडा सुटतो. ज्यांना हा अनुभव येतो त्यांनी दोन किंवा तीन बोटांनी क्लच ओढून पाहावा आणि उरलेल्या बोटांनी मूठ धरून ठेवावी. क्लच फारच जड असेल तर केबलला तेल देणे किंवा ती बदलणे हा इंडिकेटरचाच एक उपाय समजावा. दोन्ही बाजूंना बटणे असलेल्या गाडीवर उजव्या हाताचा वेगळा सराव लागतो, कारण उजवा अंगठा हलवताना अ‍ॅक्सिलरेटरची मूठ फिरता कामा नये आणि पुढच्या ब्रेकवरील बोटांचा दाबही बदलता कामा नये.

चौथी पायरी: रस्त्यावरील क्रम

आरसा, इंडिकेटर, खांद्यावरून मागे नजर, मग वेग कमी करणे, क्लच, गिअर आणि शेवटी वळण, असा क्रम मी सुचवतो. इंडिकेटर क्लचच्या आधी येण्याचे कारण वरच्या सरावात दिसलेच आहे: अंगठा मोकळा असतानाच त्याचे काम उरकावे. ब्रेकच्या आधी येण्याचे कारण मागच्या चालकासाठी आहे. त्याला आधी ब्रेकचा लाल दिवा दिसला तर मोटारसायकल का थांबते आहे हे कळत नाही, आणि आधी इंडिकेटर दिसला तर पुढचा लाल दिवा त्याला अपेक्षितच असतो.

किती आधी द्यावा, याचे उत्तर मीटरपेक्षा सेकंदांत शोधणे सोपे जाते. ताशी 40 किलोमीटर वेगाने मोटारसायकल सेकंदाला सुमारे 11 मीटर जाते, 60 ला सुमारे 17 मीटर, आणि 80 ला सुमारे 22 मीटर. इंडिकेटरचे दिवे मिनिटाला 60 ते 120 वेळा लुकलुकतात, म्हणजे सेकंदाला एक ते दोन वेळा. मागच्या चालकाने एकदा आरशाकडे पाहून पुन्हा समोर पाहिले तरी त्याच्या नजरेला किमान तीन-चार लुकलुक पडाव्यात असे धरले, तर वेग कमी करण्यापूर्वी तीन ते पाच सेकंद हाती असायला हवेत. ताशी 60 ला ते 50 ते 83 मीटर होतात. मात्र या अंतरात आधी दुसरा फाटा येत असेल, तर तो ओलांडेपर्यंत इंडिकेटर देऊ नये, आणि गरज पडल्यास त्याऐवजी वेग लवकर व सावकाश कमी करावा. जगातील अनेक देशांनी स्वीकारलेल्या रस्ता वाहतुकीच्या 1968 च्या व्हिएन्ना करारातही सूचना स्पष्ट आणि पुरेशी आधी असावी, वळण पूर्ण होईपर्यंत चालू राहावी आणि ते पूर्ण होताच थांबावी, अशीच अपेक्षा आहे.

इंडिकेटर दिल्यानंतर खांद्यावरून मागे पाहणे वगळू नये. आरशात न दिसणाऱ्या जागेत त्या दोन-तीन सेकंदांत कोणी आलेले असू शकते, आणि दिवा लुकलुकतो आहे एवढ्याने आपल्याला वळण्याचा हक्क मिळत नाही. लेन बदलताना क्रम तोच राहतो, फक्त गिअर आणि ब्रेक सहसा लागत नाहीत. काही नव्या गाड्यांवर स्विच हलकेच टेकवला तर दिवे ठरावीक वेळा लुकलुकून आपोआप बंद होतात. ही सोय मोकळ्या रस्त्यासाठी आहे. दाट वाहतुकीत जागा मिळेपर्यंत थांबावे लागते, तेव्हा स्विच पूर्ण सरकवावा.

पाचवी पायरी: बंद करणे एखाद्या ठरलेल्या हालचालीला जोडावे

लक्षात ठेवून इंडिकेटर बंद करायचा, असे ठरवले तर तो एखाद्या दिवशी विसरणारच. वळणानंतर हटकून होणाऱ्या एखाद्या हालचालीशी त्याची गाठ बांधावी. माझ्या मते सर्वांत योग्य हालचाल म्हणजे वळणानंतरचा पहिला वरचा गिअर. गाडी सरळ झाली, क्लच दाबण्यासाठी डावा हात सज्ज झाला, की आधी अंगठा इंडिकेटरवर दाबावा आणि मग गिअर बदलावा. गिअर नसलेल्या स्कूटरवर ही गाठ अ‍ॅक्सिलरेटर पुन्हा वाढवण्याशी बांधता येते. लेन बदलल्यावर गिअर बदलण्याची वेळ येत नाही, म्हणून तिथे गाडी नव्या लेनच्या मध्यावर सरळ झाल्याचा क्षण धरावा.

आत दाबून बंद होणाऱ्या स्विचच्या गाडीवर याला आणखी एक जोड द्यावी. रस्ता सरळ असताना, काहीही कारण नसताना, मधूनमधून अंगठा एकदा आत दाबावा. दिवा चालू राहिला असेल तर बंद होईल, नसेल तर काहीच होणार नाही. दाबल्यावर पुन्हा लागणाऱ्या बटणांच्या गाडीवर ही सवय धोक्याची आहे, हे पुन्हा सांगावेसे वाटते.

डॅशबोर्डवरील हिरव्या बाणावर किती भरवसा ठेवता येईल, हे गाडीगणिक बदलते. भर उन्हात काही बाण जवळजवळ दिसत नाहीत, आणि काही गाड्यांवर डाव्या-उजव्यासाठी मिळून एकच हिरवा दिवा असतो, ज्यावरून दिवे चालू आहेत हे कळते पण कोणते हे कळत नाही. ज्यांना वारंवार विसर पडतो त्यांनी आवाज करणारा छोटा बझर जोडून घेण्याचा विचार करावा. हेल्मेट आणि वारा यांमुळे मोठ्या वेगात तो ऐकू येत नाही, पण चौकातून बाहेर पडताना, जिथे विसरण्याची शक्यता अधिक, तिथे तो ऐकू येतो.

देखभाल आणि बिघाड

चांगला स्विच हळूहळू बिघडतो, आणि चालक नकळत त्याच्याशी जुळवून घेत राहतो. सरकवल्यावर मधल्या जागी सावकाश परतणे, दोनदा दाबल्याशिवाय बंद न होणे, एका बाजूला लागणे पण दुसऱ्या बाजूला न लागणे, ही त्याची लक्षणे आहेत. कारण बहुधा धूळ, पाणी आणि तांब्याच्या संपर्कबिंदूंवर साचलेला हिरवट थर हे असते. बॅटरीची ऋण वायर काढून मगच घर उघडावे. उघडण्याआधी फोटो काढून ठेवावा, आणि खाली स्वच्छ कापड अंथरावे, कारण आतली बारीक स्प्रिंग व छोटा छर्रा उडून हरवण्याची शक्यता असते. संपर्कबिंदूंवर इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनर मारून मऊ ब्रशने पुसावे, वाळू द्यावे, आणि सरकत्या भागाला विजेच्या भागांसाठी बनवलेल्या ग्रीसचा अगदी पातळ हात द्यावा. पेट्रोलने धुऊ नये. त्याने प्लॅस्टिक खराब होऊ शकते, शिवाय आगीचा धोका असतो.

लुकलुकण्याचा वेग बदलला तर दोष स्विचमध्ये नसून बल्बमध्ये किंवा फ्लॅशर रिलेत, म्हणजे दिव्यांची उघडझाप करणाऱ्या भागात, असण्याची शक्यता जास्त. एका बाजूचे दोन 10 वॅटचे बल्ब 12 व्होल्टवर मिळून सुमारे 1.7 अँपिअर प्रवाह घेतात, आणि जुना तापणाऱ्या पट्टीचा रिले त्या प्रवाहानेच तापून उघडझाप करतो. एक बल्ब गेला की प्रवाह निम्म्यावर येतो आणि दुसरा बल्ब मंद लुकलुकतो किंवा नुसताच पेटून राहतो. इलेक्ट्रॉनिक रिले असलेल्या पुष्कळ गाड्यांवर उलट होते, उरलेला दिवा भराभर लुकलुकतो. एलईडी दिवे बसवल्यावरही हेच दिसते, कारण ते फार कमी प्रवाह घेतात. त्यावर दिव्याला समांतर रेझिस्टर, म्हणजे जादा प्रवाह ओढणारा रोधक, जोडण्याचा उपाय सर्रास केला जातो. तो चालतो, पण रेझिस्टर चांगलाच तापतो आणि एलईडीने वाचवलेली वीज तोच खातो. वेगळा बदलता येणारा रिले असेल, तर एलईडीसाठी बनवलेला रिले बसवणे मी अधिक योग्य मानतो.

एकच हिरवा दिवा असलेल्या गाडीवर एलईडी लावल्यावर कधीकधी कोणतीही बाजू निवडली तरी चारही दिवे लुकलुकतात. तो हिरवा बल्ब डाव्या आणि उजव्या वायरच्या मध्ये जोडलेला असतो, आणि साध्या बल्बच्या काळात त्याचा प्रवाह विरुद्ध बाजूच्या बल्बांमधून ग्राउंडला, म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेल्या गाडीच्या सांगाड्याला, जात असे. तेवढ्याने ते बल्ब पेटत नसत, एलईडी मात्र पेटतात. यासाठी हिरव्या बल्बचे एक टोक थेट ग्राउंडला जोडावे, आणि दुसऱ्या टोकाला डावी व उजवी वायर प्रत्येकी एका डायोडमधून, म्हणजे प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागातून, आणावी, डायोडवरील पट्टीची खूण बल्बच्या बाजूला ठेवावी. जोडणी झाल्यावर गाडीभोवती फिरून डावी बाजू लावली असता फक्त डावे दोन दिवे, उजवी लावली असता फक्त उजवे दोन, आणि दोन्ही वेळा डॅशबोर्डवरील खूण लुकलुकते, हे पाहावे. त्यानंतर हँडल दोन्ही टोकांना फिरवून तीच तपासणी पुन्हा करावी, म्हणजे वायर फक्त एकाच कोनात तुटत असेल तर तेही लक्षात येईल.